'सर, रिसर्च शिकवलंत, ही नोकरी नाही शिकवलीत'

या वेळचं पत्र एका गाइडचं आहे. एरवी या सदरात पीएचडीचे विद्यार्थीच लिहितात आणि बहुतेक वेळा गाइडबद्दलच लिहितात, त्यामुळे हे पत्र मी जरा जास्तच वेळा वाचलं. थोडक्यात देते.

"अकरा वर्षं झाली मी पीएचडीचे विद्यार्थी घेतोय. पाच जणांची झाली, तीन आत्ता चालू आहेत. त्या पाचांतली सगळ्यात हुशार मुलगी दीड वर्षापूर्वी असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागली. थीसिस उत्तम, तीन पेपर चांगल्या जर्नलमध्ये, मला वाटलं आता हिची काळजी मिटली. मागच्या महिन्यात तिचा फोन आला की सर, मी राजीनामा द्यायचा विचार करतेय. चार कोर्स आहेत, १८० मुलं आहेत, दोन कमिट्या आहेत, ग्रँटचं, म्हणजे रिसर्चच्या पैशासाठीचं, पहिलं प्रपोजल रिजेक्ट झालं, रविवार सगळा पेपर तपासण्यात जातो आणि दीड वर्षात स्वतःची एक ओळ लिहून झालेली नाही. मी म्हटलं, अगं सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं, आमच्या वेळी तर कुणी काहीच सांगत नव्हतं, पाण्यात पडलं की पोहता येतं. तर ती म्हणाली, 'सर, तुम्ही मला रिसर्च शिकवलंत, ही नोकरी नाही शिकवलीत.' आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही. माझं खरंच चुकलं का? आता जी तीन पोरं आहेत त्यांच्याशी वेगळं काय करू? आणि सगळंच शिकवत बसलो तर त्यांचे थीसिस कधी पूर्ण होणार?"

सर, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळच सांगते. हो, चुकलं. तुमच्या एकट्याचं नाही, मीही गाइडच आहे आणि माझंही चुकलेलं आहे, पण तुम्ही विचारताय तर आधी ते "पाण्यात पडलं की पोहता येतं" बघू, कारण सगळी गडबड तिथे आहे असं मला वाटतं.

हे वाक्य कोण म्हणतं? जे पोहून काठाला लागले तेच म्हणतात ना. तुमच्या बॅचचे, माझ्या बॅचचे, जे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडून गेले, ज्यांचं लिखाण कायमचं थांबलं, जे नोकरीत राहिले पण आतून विझून गेले, त्यांना कुणी विचारायला जात नाही आणि मग आपल्याला वाटतं की सगळे पोहतातच. आणि सर, तुम्हीही काही आपोआप पोहला नसणार. नीट आठवून बघा, कुणीतरी सीनियर असेल ज्यांनी त्यांच्या नोट्स दिल्या, कुणी सांगितलं असेल की या मीटिंगला जाऊ नकोस काही होत नाही तिथे, कुणी तुमचं पहिलं प्रपोजल लाल पेनाने रंगवून परत दिलं असेल. ते नशिबाने मिळालं म्हणून आपण त्याला शिक्षण म्हणत नाही एवढंच. तुमच्या विद्यार्थिनीला ते नशीब मिळालेलं नाहीये.

आता हे असं का होतं. पीएचडी ही मुळात रिसर्चचीच तालीम म्हणून घडलेली गोष्ट आहे. १८१० मध्ये बर्लिनला विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या विचारवंताच्या कल्पनेतून विद्यापीठ उभं राहिलं, शिकवणं आणि संशोधन एकाच छताखाली ही तिथली मोठी कल्पना, आणि तोच जर्मन नमुना बघून अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या पीएचडी दिल्या. गंमत बघा, मूळ कल्पनेत दोन्ही होतं, पण पदवी कशावर मिळते तर थीसिसवर. आणि ज्यावर पदवी मिळते त्याचंच शिक्षण होतं, बाकीचं आपोआप येईल असं धरून चालतात. २००१ मध्ये ख्रिस गोल्ड आणि टिमथी डोअर यांनी अमेरिकेतल्या २७ विद्यापीठांमधल्या ४,००० हून जास्त पीएचडी विद्यार्थ्यांचा सर्व्हे प्रसिद्ध केला होता, त्याचा निष्कर्ष असा की विद्यार्थ्यांना जे शिक्षण मिळतं ते त्यांना हवं असलेलं नाही आणि ते पुढे ज्या नोकऱ्या धरतात त्यासाठी तयारी करून देणारंही नाही. त्याला आता वीस-पंचवीस वर्षं होतील आणि तुमच्या विद्यार्थिनीने फोनवर तेच एका वाक्यात सांगितलं.

मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक कामाच्या आकारात आहे. पीएचडीत एकच काम असतं, चार-पाच वर्षं चालतं, आणि ते वाचणारे मोजून तीन-चार लोक. नोकरीत एका दिवसात नऊ कामं असतात, एकही धड चाळीस मिनिटं सलग होत नाही आणि प्रत्येकाची वाट बघणारा माणूस वेगळा असतो. चार वर्षं ज्या मुलीला आपण "एका गोष्टीत खोल जा, घाई करू नको, परफेक्ट कर" असं शिकवलं, तिला अचानक "पुरेसं चांगलं कर आणि पुढचं घे" हे कुठून येणार? उलट जितकी हुशार आणि जितकी प्रामाणिक तितकी ती जास्त अडकणार, कारण ती प्रत्येक लेक्चर थीसिसच्या चॅप्टरसारखं तयार करणार. मी तेच केलेलं आहे. पहिल्या नोकरीत एका तासाच्या लेक्चरला सात-आठ तास तयारी करायचे, पन्नास-साठ स्लाइड, आणि वर्गातली मुलं विसाव्या स्लाइडला माझ्याकडे बघायची बंद झालेली असायची. चौदा महिने एक पानही लिहिलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला वाटायचं की मीच कमी पडतेय, बाकीच्यांना जमतंय.

रॉबर्ट बॉइस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नव्याने लागलेल्या शिक्षकांना वर्षानुवर्षं जवळून बघितलं, त्यात बहुतेकांचं हेच होत होतं, तयारी प्रमाणाबाहेर आणि लिखाण "सुट्टीत करू" म्हणून पुढे ढकललेलं. जे थोडे लवकर स्थिरावले ते काही जास्त बुद्धिमान नव्हते. ते लेक्चरच्या तयारीला मर्यादा घालायचे, रोज थोडा वेळ का होईना लिहायला बसायचे, आणि आजूबाजूच्या अनुभवी लोकांना जाऊन विचारायचे. तिन्ही सवयी आहेत, तिन्ही लावता येतात, आणि तुमच्याकडे असतानाच लावता येतात. मग नोकरी लागेपर्यंत का थांबायचं?

वेगळं काय करू म्हणताय, तर पहिली गोष्ट, वर्कशॉपच्या मागे लागू नका. दोन दिवसांचं "अकॅडमिक करिअर स्किल्स" वगैरे असतं ना, सर्टिफिकेट मिळतं, फोटो निघतो, आणि नंतर कुणाच्या काही लक्षात राहत नाही. वाईट नसतं ते, पण हे काम कोरडं शिकवून येत नाही. ते खऱ्या कामावर, तुमच्या बाजूला बसून, छोट्या तुकड्यात करून घ्यावं लागतं आणि झाल्यावर त्यावर बोलावं लागतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी मी फक्त ते कसं ते सांगते.

सुरुवात तुमच्या स्वतःच्या आठवड्यापासून करा. मी काही वर्षांपूर्वी एक आठवडा अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद ठेवली, खरी, लाज वाटली तरी खरी. ५३ तास झाले. त्यातले रिसर्चचे, म्हणजे डेटा, वाचन, लिखाण मिळून, सहा. शिकवणं आणि तयारी चौदा, तपासणी सात, मीटिंगा आणि त्यांचे मिनिट्स लिहिणं आठ, ईमेल सहा, शिफारसपत्रं दोन, रिव्ह्यू, म्हणजे जर्नलसाठी दुसऱ्यांचे पेपर तपासून मत देणं, तीन, बजेट आणि खरेदीचे कागद चार, आणि तीन तास एका मुलीशी बोलण्यात गेले जिच्या घरी अडचण होती. तो कागद मी ग्रुप मीटिंगला तसाच टेबलावर ठेवला. बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचं दार बंद असायचं तेव्हा मला वाटायचं तुम्ही पेपर वाचताय." पाच वर्षं तो माझ्या दारासमोरून जात होता सर. त्याला माझी नोकरी माहीतच नव्हती, आणि तीच नोकरी मिळवायला तो दिवसरात्र झटत होता. तुमच्या तिघांसमोर असा एक कागद ठेवा, त्यावर तासभर बोला, त्यातून पुढचं सगळं आपोआप निघेल.

मग शिकवणं. तुम्ही म्हणाल माझे विद्यार्थी लेक्चर घेतात की. कधी घेतात? तुम्ही कॉन्फरन्सला गेलात की. ती बदली झाली, शिक्षण नव्हे, कारण तो तास कसा गेला हे बघायला तुम्ही तिथे नसताच. त्यापेक्षा एका कोर्समधलं एक युनिट पूर्ण त्यांच्या हातात द्या, दोन आठवड्यांचं का असेना, पण पूर्ण. काय शिकवायचं आणि काय गाळायचं ते त्यांनी ठरवायचं, शिकवायचं, त्यावर प्रश्न काढायचे आणि ते तपासायचे पण. एका तासाला मागच्या बाकावर बसा आणि नंतर वीस मिनिटं बोला, तेवढ्याने होतं.

प्रश्न काढण्याचं मुद्दाम सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्यांदा पेपर काढला तेव्हा तिला एक प्रश्न फार आवडला होता, तिच्या थीसिसच्या जवळचा होता, दहा मार्कांचा. ४२ मुलांपैकी ३९ जणांनी तो सोडूनच दिला आणि तिघांनी भलतंच लिहिलं. ती गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली मुलांनी अभ्यासच केला नाही. मी तिला म्हटलं तू आता हा प्रश्न घड्याळ लावून स्वतः सोडव. तिला २५ मिनिटं लागली, आणि पेपरमध्ये त्या प्रश्नाच्या वाट्याला येत होती बारा. दुसऱ्या ओळीत एक शब्द होता ज्याचे दोन अर्थ निघत होते. तो कागद हातात धरून ती काही वेळ बसून राहिली, मग म्हणाली, "हे मार्क सगळ्यांना द्यावे लागतील ना?" त्या एका दुपारी ती परीक्षा घेणं म्हणजे काय ते जेवढं शिकली तेवढं मी दहा भाषणं देऊनही शिकवू शकले नसते. आणि ही चूक तिने माझ्याकडे असताना केली हे किती बरं झालं, कारण पहिल्या नोकरीत १८० पेपरांवर तीच चूक झाली असती तर तिच्या बाजूला बसायला कुणी नसतं.

शिकवण्यावर पण रिसर्च असतो हेही त्यांना कळू द्या. आपण आपल्या विषयात पुराव्याशिवाय एक वाक्य खपवून घेत नाही आणि वर्गात मात्र आपल्याला जसं शिकवलं तसंच शिकवत राहतो. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग, गणिताच्या कोर्सेसवरचे २२५ अभ्यास एकत्र करून बघितले, नुसतं लेक्चर दिलं तिथे नापास होणारे सुमारे ३४ टक्के आणि मुलांना वर्गात काहीतरी करायला लावलं तिथे सुमारे २२ टक्के. हे माहीत असलेला नवीन शिक्षक साठ स्लाइडच्या मागे लागत नाही, त्याचा वेळही वाचतो आणि मुलांचंही भलं होतं.

आणि इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, थीसिस लांबेल का. २०११ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला होता, ९५ विद्यार्थ्यांना वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी रिसर्च प्रपोजल लिहायला लावलं, तर जे रिसर्चसोबत शिकवत पण होते त्यांची तपासता येतील अशी गृहीतकं मांडण्याची आणि प्रयोग आखण्याची क्षमता नुसता रिसर्च करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. म्हणजे शिकवण्यात गेलेला वेळ सगळा वाया जातो असं नाही. पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, वेळ जातोच. मी हिशोब असा ठेवते, आठवड्यातला अर्धा दिवस, त्यापेक्षा जास्त नाही, पहिलं वर्ष फक्त बघायचं, मधल्या वर्षांत एका वेळी एकच गोष्ट करायची, आणि शेवटचे सहा महिने काहीही नाही, फक्त थीसिस. आणि दर वर्षी एकदा बसून एक पान लिहायचं, या वर्षी काय करून बघितलं, पुढच्या वर्षी काय. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०२४ पासून त्यांच्या पैशावर काम करणाऱ्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी असा मेंटरिंगचा आराखडा आणि दर वर्षी विद्यार्थ्याचा स्वतःचा विकासाचा प्लॅन मागायला सुरुवात केलीये. तुम्हाला कुणी मागितला नाही तरी करा, एका पानाचं तर काम आहे.

एक धोका मात्र आहे आणि तो तुमच्याच बाजूने आहे. "तुला शिकायला मिळेल" म्हणत गाइड आपली हमाली विद्यार्थ्यांवर टाकतो हे मी इतक्या वेळा बघितलंय, इतकी पत्रं आलीयेत त्यावर. मार्क एंट्री, कॉन्फरन्सच्या बॅगा, पाहुण्यांना आणायला जाणं, हे काही शिक्षण नाही. स्वतःला एवढंच विचारायचं, की या कामात निर्णय त्याने घेतला का, आणि झाल्यावर मी त्याच्याशी बोललो का. दोन्हीला नाही असेल तर ती वेठबिगारी आहे, लगेच बंद करा.

रिव्ह्यूचं बघा. पेपरचं रिव्ह्यू करायला कुणी शिकवतच नाही, आणि पीएचडी झाल्या झाल्या मेल यायला लागतात. माझ्याकडे रिव्ह्यूला पेपर आला की कधी कधी मी एडिटरला लिहून परवानगी घेते की माझा एक विद्यार्थी माझ्यासोबत रिव्ह्यू करेल, त्याचं नाव कळवते, आणि मग आम्ही दोघं वेगवेगळं लिहितो. परवानगीशिवाय कधीही नाही, ते गोपनीय असतं, आणि विद्यार्थ्याने लिहून गाइडने स्वतःच्या नावावर पाठवायचं हे तर सरळ चोरी आहे. एकाचा पहिला ड्राफ्ट असा होता, "लेखकांना या विषयातलं मूलभूत वाङ्मय माहीत नाही." मी विचारलं कुठलं वाङ्मय? तो दोन पेपर म्हणाला. मग तेच लिही ना, की हे दोन पेपर बघा, त्यातली पद्धत इथे लागू पडते, टेबल तीनमधले आकडे त्याप्रमाणे परत काढले तर निष्कर्ष टिकतो का ते सांगा. तासाभराने वाक्य बदललं आणि खरं तर माणूसच थोडा बदलला, कारण पुढच्याच महिन्यात त्याच्या स्वतःच्या पेपरला एक कडवट रिव्ह्यू आला आणि तो न चिडता म्हणाला, "याला नेमकं काय हवंय ते शोधू." रिव्ह्यू द्यायला शिकला म्हणून घ्यायला पण शिकला.

पैशाचं तर आपण विद्यार्थ्यांपासून लपवूनच ठेवतो. मंजूर झालेली ग्रँट त्यांना दिसते, पार्टी होते. रिजेक्ट झालेली चार प्रपोजल्स कुठे असतात? आपल्या ड्रॉवरमध्ये. म्हणून तुमच्या विद्यार्थिनीला पहिल्याच नकाराने वाटलं की आपली लायकीच नाही. तुमची नापास झालेली प्रपोजल्स रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांसकट तिघांना वाचायला द्या, आणि पुढचं लिहाल तेव्हा बजेटचा भाग त्यांच्यासोबत करा. माणसाच्या पगाराला किती महिने धरायचे, मशीन घेतलं तर त्याच्या मेंटेनन्सचे पैसे कुठून येणार, खरेदीला तीन महिने लागतात मग पहिल्या सहामाहीत काय काम दाखवणार. हे कुठल्याच पुस्तकात वाचून येत नाही, आणि नवीन माणूस नेमका इथेच आपटतो.

कमिट्यांबद्दल, आणि हे जरा सांभाळून करा. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या जर्नलमध्ये दाखवलं की ज्या कामातून बढतीला काही उपयोग होत नाही अशा कामांसाठी बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळा हात वर करतात, त्यांना विचारलंही जास्त जातं, आणि विचारल्यावर हो पण जास्त म्हणतात. विचारणाऱ्यांमध्ये बायकाही असतात बरं का, मी स्वतः असेन. तुमच्या विद्यार्थिनीच्या दोन कमिट्या कशा आल्या ते कधी विचारलंत? नाही म्हणायला शिकवता येतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना एक वाक्य अक्षरशः पाठ करायला लावते, "या टर्ममध्ये माझ्याकडे अमुक आणि अमुक आहे, हे घेतलं तर त्यातलं कुठलं सोडू ते तुम्ही सांगा." उद्धटपणा नाही त्यात, आणि निर्णय समोरच्याच्या टेबलावर जातो. ग्रुप मीटिंगमध्ये मी मुद्दाम कामं मागते आणि त्यांना नाही म्हणायला लावते. पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघत नाही, आवाज बसतो, गाइडला नाही म्हणायचं म्हणजे काय. तिसऱ्या-चौथ्या वेळेला निघतं.

लेखकांची नावं कुठल्या क्रमाने, कुणी काय केलं, हे पेपर सुरू करतानाच बोला. क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी बरीच जर्नल्स वापरतात, संकल्पना, डेटा, विश्लेषण, पहिला मसुदा असं सगळं वेगवेगळं, ती समोर ठेवून बोललं की भांडण होत नाही. आणि ज्युनिअरला सांभाळायला द्या, एखाद्या मास्टर्सच्या मुलाचं प्रोजेक्ट, कारण उद्या ते स्वतः गाइड होणार आहेत आणि गाइड कसं व्हायचं हे तर तुम्हाला मला दोघांनाही कुणी शिकवलेलं नाही.

आणि एक गोष्ट पहिल्याच वर्षी सांगा, कडू आहे पण सांगा. यातले बरेच जण प्रोफेसर होणार नाहीयेत. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१० मध्ये तिथल्या विज्ञानातल्या पीएचडींचा हिशोब मांडला होता, शेवटी प्रोफेसर होणारे ०.४५ टक्के, म्हणजे दोनशेत एक पण पूर्ण नाही. देशागणिक, विषयागणिक आकडा बदलेल, पण अंदाज येतो. मग हे सगळं शिकवून काय उपयोग असं नका म्हणू, प्रश्न नीट विचारणं, बजेट मांडणं, टोचणारी गोष्ट न टोचता लिहिणं, नाही म्हणणं, हे बाहेर कुठेही लागतंच. उलट ज्यांनी तुमचा तो ५३ तासांसारखा कागद बघितला त्यातला एखादा म्हणेल की सर, मला हे नकोय. तर ते तिसऱ्या वर्षी कळलेलं बरं. माझ्याकडे एक अशी होती, तिने थीसिस नीट पूर्ण केला आणि दुसरीकडे गेली, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

जमलं तर अजून एक. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रिपेअरिंग फ्यूचर फॅकल्टी नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पीएचडीच्या मुलांना वेगळ्या प्रकारच्या कॉलेजांत पाठवायचे, जिथे शिकवणं जास्त आणि रिसर्च कमी, आणि तिथला एक शिक्षक त्यांचा मेंटर व्हायचा. कारण पीएचडी होते मोठ्या रिसर्चच्या ठिकाणी आणि बहुतेकांना नोकऱ्या लागतात त्या अशा दुसऱ्या ठिकाणी, जी त्यांनी कधी आतून बघितलेलीच नसते. तुमच्या तिघांना वर्षातून दोन दिवस तरी अशा एखाद्या शिक्षकाच्या मागे सावलीसारखं फिरू द्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आता ती. तिचा विषय मी शेवटी ठेवला कारण पत्रात तुम्ही पण तिच्याबद्दल शेवटी काहीच विचारलेलं नाहीत, तिघांचं विचारलंत. फोन उचलत नाही म्हणून सोडून देऊ नका. फोन करू नका, लिहा. त्यात आमच्या वेळी असं होतं हे नको, स्पष्टीकरण नको, आणि राजीनामा देऊ नकोस असंही नको, तो तिचा निर्णय आहे आणि कदाचित बरोबर पण असेल. फक्त एवढं लिहा, की तू म्हणालीस ते खरं आहे, मी तुला ही नोकरी शिकवली नाही, मी त्यावर विचार करतोय. तुला चालत असेल तर तुझं या आठवड्याचं टाइमटेबल मला पाठव, आपण दोघं बसून बघू त्यातलं काय कमी करता येईल. चारपैकी ज्या कोर्सच्या माझ्याकडे नोट्स आणि जुने पेपर आहेत ते मी आजच पाठवतोय, वापर, बदल, नाव द्यायची गरज नाही. आणि ते रिजेक्ट झालेलं प्रपोजल शेऱ्यांसकट पाठव, मी माझं पण पाठवतो, माझं पहिलं पण नापास झालं होतं.

आणि नोट्स खरंच त्याच दिवशी पाठवा, तिच्या उत्तराची वाट बघू नका. ती बोलायला तयार झाली तर दिवस आणि वेळ तिला ठरवू द्या, फक्त रविवार सुचवू नका, रविवारी तिच्यापुढे १८० पेपर असतात.